मला हौशी म्हणू नका

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंगळुरातल्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीत एक मराठी मंडळ होतं, आणि गणपतीत ते सभासदांच्या कलांचं प्रदर्शन भरवायचं. एका वर्षी मलाही टेबल मिळालं. त्यावर मी स्वतः बनवलेल्या दोन गिटारी मांडल्या. मागे पुठ्ठा उभा केलेला होता, त्यावर माझं नाव आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘हौशी गिटार-कारागीर’.

मी कार्यवाहांना गाठलं. "यातला ‘हौशी’ तेवढा काढा."

"का हो? शिवी आहे का ती?"

"शेजारच्या वहिनींच्या क्रोशाला नाही लिहिलंत हौशी."

"त्या क्लास घेतात." कार्यवाह सांगलीकडचे. "आमच्या मिरजेला जाऊन बघा एकदा. तंबोरे करणाऱ्यांच्या पिढ्या गेल्यात त्या भोपळ्यांत. तुम्ही दिवसभर कारखान्यात, संध्याकाळी बाल्कनीत. दुकान आहे? गुरू आहे? काय आहे तुमच्याकडे?"

"लाकूड आहे," मी म्हटलं.

"आणि भुसा," शेजारी उभी असलेली माझी बायको म्हणाली. "आमटीत सुद्धा."

"झालं तर मग. स्वल्प ॲडजस्ट करा," म्हणून कार्यवाह रांगोळीकडे वळले.

ॲडजस्ट करायला माझी हरकत नसते. पण हा शब्द मला खुपत होता, कारण दुसरा एक शब्द मी मनात धरून बसलो होतो. परदेशी जाऊन आलेल्या एका सहकाऱ्याने मला गिटार बनवण्याचं पुस्तक आणून दिलं होतं. त्यात गिटार बनवणाऱ्याला ‘लूथियर’ म्हटलं होतं. मी तो शब्द घरी मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा बायको म्हणाली, "खोकल्याचं औषध वाटतंय."

माझी पहिली गिटार पाहून तिचं मत बदलेल अशी शक्यता नव्हती. आमच्या खात्यात कुठलीही वस्तू लागेल त्याच्या कितीतरी पट मजबूत बनवायची शिस्त. मी तीच पाळली. जाड फळी, आतून धिरे, धिऱ्यांना आणखी धिरे. तिच्यावर उभं राहून माळ्यावरचे डबे काढता आले असते. आवाज मात्र पाटावर टिचकी मारावी तसा. दुसरीची फळी मी भीत भीत तासली, तर ती गुणगुणली. तिसरी बोलायलाच लागली. मी म्हैसूर रोडच्या वखारीत शिसवीच्या फळ्या कानाशी धरून वाजवत बसायचो, आणि वखारवाले मला निरुपद्रवी वेडा समजून चहा द्यायचे.

ती तिसरी गिटार बायकोच्या शाळेतल्या एका बाईंनी नेली. त्या चर्चच्या गायनवृंदात वाजवायच्या. आमच्याकडे चहाला आल्या, गिटार मांडीवर घेतली, आणि चहा गार झाला तरी खाली ठेवीनात. मीच म्हटलं, घेऊन जा.

बाकी सगळे कौतुक करायचे. तेच माझं दुखणं होतं. "वा! छान! वेळ कसा मस्त जात असेल ना?" कारखान्यात माझ्या ड्रॉइंगला कोणी कधी छान म्हटलेलं मला आठवत नाही. तिथे लोक थेट चूक कुठे आहे ते सांगायचे.

तर प्रदर्शन रंगात आलेलं, वहिनी क्रोशाची नक्षी समजावून सांगताहेत, आणि दारातून त्याच चर्चच्या बाई आत आल्या. खांद्याला गिटार, कपाळाला आठी. सरळ माझ्या टेबलाशी.

"एनिदु, सार? ये क्या है?" त्यांनी गिटार माझ्यासमोर आडवी केली. तारा ज्या लाकडी पट्टीला खाली अडकवतात, ती पट्टी एका बाजूने सुटून वर आली होती. "पूरा उखड रहा है. संडे को मैं क्या बजाऊँ?"

सगळं प्रदर्शन माझ्याकडे बघायला लागलं.

मी वाकून फटीत नख घातलं आणि मला सगळं कळलं. कारखान्यात रंग आधी, जोडणी नंतर. मी त्याच सवयीने सबंध फळीला आरशासारखं पॉलिश केलं होतं आणि त्या पॉलिशवर गोंद लावून पट्टी बसवली होती. गोंद लाकडाला धरतो, पॉलिशला नाही. पट्टीखालचं पॉलिश आधी खरवडून काढायला हवं होतं.

"माझी चूक आहे," मी म्हटलं. "पट्टीखालचं पॉलिश खरवडायचं राहिलं. शनिवारी देतो."

"शनिवार शाम को प्रॅक्टिस है. सुबह."

"सुबह."

कार्यवाह येऊन पोचलेच होते. "बघा! म्हणूनच आम्ही हौशी लिहितो."

आता मात्र माझं टाळकं फिरलं. "काही तरी काय! हौशी माणसाच्या वस्तूचं कौतुक करतात आणि ती शोकेसमध्ये ठेवतात. बिघडली म्हणून भांडायला कोणी येतं का? वहिनी, तुमच्या रुमालाची तक्रार घेऊन आलंय कोणी कधी?"

"कोणाची टाप आहे," वहिनी म्हणाल्या.

"ह्या बाई दुकानात गेल्या नाहीत. मिरजेलाही गेल्या नाहीत. माझ्याकडे आल्या, आणि शनिवारी सकाळची मुदत दिली त्यांनी मला. दुकान नाही, गुरू नाही, कबूल. पण आज मला गिऱ्हाईकाने चार लोकांत झापलंय. मी लूथियर आहे."

"काय आहात?"

"ते औषध," बायको म्हणाली.

मी खिशातलं लाकूड खरवडायचं पातं काढलं, पुठ्ठा टेबलावर आडवा केला आणि ‘हौशी’ खरवडायला सुरुवात केली.

"अहो, पुठ्ठा मंडळाचा आहे!" कार्यवाह ओरडले.

"चूक माझी आहे ना? मग हुद्दाही माझाच."

पुठ्ठा सारखा सरकत होता. बायकोने पुढे होऊन त्याचं दुसरं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"नीट खरवडा," ती म्हणाली. "मागच्या वेळी राहिलं होतं."