लाईट घालवणाऱ्या बाई

आमच्या घरातल्या फ्रिजला चप्पल घालूनच हात लावायचा असतो, हे मला या घरात लग्न होऊन आले त्याच दिवशी सांगण्यात आलं. फ्रिजशेजारी रबरी चपलांचा एक जोड कायम ठेवलेला असायचा. पाहुण्यांना गार पाण्याची बाटली हवी असली तरी आधी चप्पल. कुणी विसरलाच तर हाताला असा झटका बसायचा की पुन्हा विसरायची सोय नाही. सासूबाई म्हणायच्या, फ्रिजचा स्वभावच जरा तापट आहे. पुढे सासूबाई गेल्या, फ्रिजही बदलला, चप्पल राहिली. नवा फ्रिजसुद्धा त्याच स्वभावाचा निघाला, तरी आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

कारण या घरातली वायर न वायर माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, स्वतः ओढलेली. बाबांनी जन्मभर टाईपरायटर दुरुस्त केले. बोटांत कसब होतं आणि बाहेरच्या माणसाला घरात घ्यायचं नाही हा बाणा होता. शेजाऱ्यांचे फ्यूज सारखे उडायचे, आमचा कधी उडला नाही, हे ते येईल त्याला ऐकवायचे. मीही ते माहेरी जाऊन फुशारकीनं सांगितलेलं आहे. मध्यंतरी घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि हातात वॉकर आला. तेव्हापासून ते स्वतः कमी आणि आवाजानं जास्त फिरतात.

हे असंच चाललं असतं. पण माझ्या नणंदेच्या नवऱ्याला कामासाठी लांब जावं लागलं आणि ती बाळाला घेऊन काही महिने आमच्याकडे राहायला येणार असं ठरलं. फोनवर सगळं बोलणं झालं, पाळणा कुठे ठेवायचा तेही झालं, आणि मग ती म्हणाली, "वहिनी, तो आता रांगतो गं. त्याला चप्पल कशी घालायची?"

मी एरवी त्या चपलांवर पोटभर हसणारी बाई. त्या दिवशी फोन ठेवला आणि खुर्चीत बसूनच राहिले. जमिनीवर तळहात टेकत, हाताला लागेल ते धरून उभं राहायला बघणारं पोर, आणि आमचा तो फ्रिज. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, सगळं वायरिंग नवीन करायचं, आणि तेही लायसन असलेल्या माणसाकडून. ते म्हणाले, बाबांना विचारू. बाबांना नाही म्हणणं यांच्या पत्रिकेतच नाही. म्हणून मीच विचारलं. बाबांच्या कपाळावर आठ्या चढल्या, मी असताना बाहेरचा माणूस कशाला, इथून सुरुवात झाली. मी एवढंच म्हटलं, की बाळ येतंय. तेव्हा ते म्हणाले, बोलवा, पण मी समोर बसणार.

विजेच्या सामानाच्या दुकानदारानं एक नंबर दिला. काम चोख आहे, लायसन आहे, पण जरा कडक आहेत, बोलून घ्या, असं तो म्हणाला. 'आहेत' म्हटल्यावर मी कुणी वयस्क पुरुष असतील असं धरून चालले. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर शर्ट-पॅंट घातलेल्या, पन्नाशीच्या एक बाई खांद्याला जाडजूड पिशवी लावून उभ्या. बाबा त्यांच्या मागे जिन्यात बघत राहिले. बाई म्हणाल्या, "मागे कुणी नाही काका. मीच."

त्यांनी फ्रिजला टेस्टर लावला, तो लगेच पेटला. त्यांनी प्लग काढून बघितला. तीन पिनांपैकी वरची जाड पिन गायब. ती कुठे गेली असं त्यांनी विचारल्यावर बाबांनी अभिमानानं सांगितलं, की बोर्डाला दोनच भोकं होती, म्हणून त्यांनी ती करवतीनं कापली. नेमकी तीच पिन, जिच्यातून चुकार करंट जमिनीत निघून जातो. अर्थात ती असती तरी उपयोग नव्हता, कारण जमिनीत जाणारी अर्थिंगची तार घरात कुठेच नव्हती. मग त्यांनी मेन स्विचजवळचा फ्यूज उघडला आणि आतली तार तळहातावर घेतली. जिथे केसासारखी बारीक तार हवी, तिथे बाबांनी चांगली जाडजूड पीळ घातलेली तार बसवली होती. आमचा फ्यूज कधी उडत नव्हता तो असा. घर जळलं असतं, पण फ्यूज उडला नसता.

आता बाबांची चंपी होणार, म्हणून मी चहाचं निमित्त काढून तिथेच घुटमळत राहिले. खोटं कशाला बोलू, थोडी उत्सुकता होती. पण बाईंनी खुर्ची ओढली आणि बाबांसमोर बसल्या. म्हणाल्या, "भिंतीच्या आत तार कुठून कुठे गेलीय ते तुम्हालाच माहीत. तुम्ही सांगितलंत तर निम्मी भिंत फोडायची वाचेल."

ही त्यांची कामाची रीतच होती. कुठल्याही घरात गेल्या की आधी विचारायचं, जुनं काम कुणी केलंय, त्यांना बोलवा. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, की तो कधीच गाव सोडून गेला. आमच्याकडे तो माणूस हजर होता आणि बोलायला उतावीळ होता. मग काय, काम चाले तोवर बाबांची खुर्ची या खोलीतून त्या खोलीत. इथे जोड आहे, तिथून तार वर गेलीय, या कोपऱ्यात हातोडा मारू नका. बाई सगळं ऐकायच्या, वाद घालायच्या, आणि शेवटी त्यांना हवं तेच करायच्या. बाबांना मात्र वाटायचं की काम त्यांच्या देखरेखीखाली चाललंय. मला असं माणूस हाताळता आलं असतं तर माझा संसार वेगळाच झाला असता.

दुपारच्या चहाला त्या जमिनीवर पाय पसरून बसत. त्यांना मी एकदा विचारलं, की या कामात कशा आलात. मनात एखादी दुःखाची गोष्ट धरून बसले होते. तसलं काही नव्हतं. शाळा संपल्यावर त्या विजेच्या मोटारी भरून देणाऱ्या दुकानात लागल्या. जळलेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, दिवसभर. तिथे बायकाच असत, बोटं बारीक म्हणून. गुंडाळता गुंडाळता यांना वाटायला लागलं, या मोटारी इथून जातात कुठे, आणि तिथे जळतात कशाने. मालकाला विचारलं तर तो म्हणाला, तुला काय करायचंय. "मग म्हटलं, आता तर करायचंच," असं सांगून त्या हसल्या. नोकरी सांभाळून त्यांनी कोर्स केला, वायरमनची परीक्षा दिली, लायसन काढलं. सुरुवातीला लोक दारातूनच परत पाठवत, मोठा भाऊ नाही का आला, असं विचारत. नवरा शिंपी. त्यानं एकच केलं, कसलीही अडवणूक केली नाही, आणि ही पिशवी शिवून दिली. पक्कड, पेचकस, टेस्टर, प्रत्येकाच्या मापाचा वेगळा कप्पा. जुनी फाटली की तो नवी शिवतो. आत्ताची कितवी ते दोघांनाही आठवत नाही.

भांडण म्हणावं असं एकदाच झालं, बाबांच्या टेबल फॅनवरून. हा फॅन त्यांच्या उशाशी वर्षानुवर्षं फिरतोय. त्याची वायर दोन ठिकाणी तुटलेली, बाबांनी जोडून काळी टेप गुंडाळलेली. बाई म्हणाल्या, अख्खी वायर बदलून देते. बाबा म्हणाले, माझ्या जोडाला इतक्या वर्षांत काही झालेलं नाही, तुम्ही भिंती तुमच्या घेतल्यात, हा फॅन माझा. बाईंनी पुन्हा सांगून बघितलं. मग माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, हा माळ्यावर ठेवा आणि वायर बदलल्याशिवाय खाली काढू नका. बाबा दोन जेवणं आमच्याशी बोलले नाहीत.

काम संपलं. मागच्या भिंतीलगत खड्डा खणून अर्थिंग गेलं, नवे बोर्ड लागले, आणि जुन्या फ्यूजच्या जागी छोट्या खटक्यांची पेटी आली. त्यातला एक खटका बाईंनी मला मुद्दाम दाखवला. करंट जरा जरी भलतीकडे, म्हणजे ओल्या भिंतीत किंवा माणसाच्या अंगात जायला लागला, की हा डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळी लाईट बंद करतो. बाळासाठी म्हणून त्यांनी हा आग्रहानं बसवला होता. सगळं यंत्रानं तपासून, सहीचा कागद देऊन त्या गेल्या. फ्रिजला मी अनवाणी हात लावला. नुसताच गार.

बाळ आलं आणि घर त्याचं झालं. पण त्याच सुमारास लाईट जायला लागली. एकदा पीठ मळताना, एकदा कपडे धुताना. बाबांना आयतं सापडलं. माझ्या हातचं होतं तेव्हा कधी गेली नव्हती, हे आम्ही सकाळ-संध्याकाळ ऐकलं. मीही वैतागले आणि बाईंना बोलावून घेतलं. त्यांनी जुना गीझर पकडला, त्यातून करंट पाझरत होता. मी म्हटलं, एवढ्यातेवढ्याला लाईट घालवणारा खटका काय कामाचा. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, लाईट आणायला कुणीही येईल, मी ती वेळेवर घालवायचं काम करते. मला ते तेव्हा कडकपणाचं वाटलं.

मग ती दुपार. उकाडा मी म्हणत होता. बाबांनी माझ्या नवऱ्याला गुपचूप सांगून फॅन माळ्यावरून काढून घेतला होता आणि खोलीत लावला होता. मला याचा पत्ता नव्हता. मी फरशी नुकतीच पुसून स्वयंपाकघरात मिक्सर लावला होता, नणंद आंघोळीला गेली होती, आणि बाळ बाबांच्या खोलीत खेळत होतं. मिक्सर एकदम थांबला. तिकडे बाळ रडायला लागलं. ते कशालाही रडायचं, मी लक्ष दिलं नाही. खटका पडलेला दिसला आणि माझं डोकं फिरलं. तो तसाच वर करायला हात नेला, पण आधी सुनावावं म्हणून बाईंना फोन लावला. पुन्हा लाईट गेली, हे काय लावलंय तुम्ही, असं मी बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "खटका वर केलात का?"

नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "करू नका. आधी बाळ कुठंय ते बघा."

मी बाबांच्या खोलीत गेले. बाळ ओल्या फरशीवर बसून रडत होतं. लाळेनं चिंब झालेल्या मुठीत फॅनची वायर होती. काळी टेप सुटून लोंबत होती आणि आतलं तांबं उघडं पडलं होतं. बाबा पलंगावरून उठायची धडपड करत होते आणि त्यांना वॉकर सापडत नव्हता.

डॉक्टरांनी बाळाला नीट तपासलं. तळहातावर एक बारीक लाल ठिपका, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, घरी घेऊन जा आणि खेळू द्या. आम्ही परत आलो तेव्हा बाई दाराबाहेर जिन्यात बसल्या होत्या. मी फोन मध्येच टाकला होता, त्यामुळे त्यांना पुढचं काहीच कळलं नव्हतं, आणि आत जाऊन बाबांना विचारायचा त्यांना धीर झाला नव्हता. त्यांनी आधी बाळाकडे बघितलं. मग भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.

आत बाबा फॅन मांडीवर घेऊन बसले होते. वायर त्यांनी पकडीनं मुळापासून कापून टाकली होती. बाईंना बघून ते म्हणाले, "तो जोड माझा होता." त्यांनी दोन्ही हात जोडले. बाबांना कुणापुढे हात जोडताना मी त्याआधी बघितलेलं नव्हतं. बाईंनी त्यांचे हात धरून खाली घेतले आणि त्यांच्या शेजारी पलंगावर बसल्या. मीही काहीतरी बोलायला गेले, फोनवर बोलले त्याबद्दल, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी पाणी मागितलं आणि पेला दोन्ही हातांनी धरून त्या प्यायल्या.

"किती घरांत बसवले मी हे खटके," त्या म्हणाल्या. "लोकांचा फोन येतो तो लाईट गेली म्हणून शिव्या द्यायला. खटका वर करतात, विसरून जातात. आपल्यामुळे कुणी वाचलं की नाही, ते आपल्याला कधी कळतच नाही. आज पहिल्यांदा कळलं."

नणंदेला हुंदका आवरेना. बाळ तिच्या खांद्यावरून वाकून बाईंच्या पिशवीकडे हात पसरत होतं. बाई उठल्या, मोरीत जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, शर्टाला पुसले, आणि माझ्या नणंदेसमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "जरा वेळ घेऊ का याला?"

घर अजून अंधारातच होतं. खटका वर करायची कुणालाही घाई नव्हती.