उंबऱ्यावरचा पाढा

सुमन गेल्याचा फोन तिच्या मुलानं केला, तेव्हा मी विजेचं बिल तपासत बसलो होतो. आकडे पुन्हा पुन्हा वाचत राहिलो... बेरीज काही डोक्यात शिरेना. ती माझी जुळी बहीण. माझ्याआधी काही मिनिटं जगात आलेली, आणि माझ्याआधीच गेलेली.

नरसीजवळच्या आमच्या गावात जुळ्यांबद्दल पक्की समजूत होती : पोटात एकच डोकं दोघांत वाटलं जातं आणि अक्कल एकाच्याच वाट्याला येते. ती मला मिळाली, हे बारशाआधीच ठरलं असावं. माझं कपाळ म्हणे हिशेबात तरबेज असलेल्या आजोबांसारखं होतं. सत्तरच्या दशकातल्या त्या दुपारी अजूनही तरंगत येतात... अंगणात शिजवून वाळत घातलेल्या हळदीचा वास, ओसरीवर पाढे घोकणारा मी, आणि उंबऱ्यावर शेंगा फोडत बसलेली सुमन. सतरा सत्तेला मी हमखास अडायचो.

"एकशे एकोणीस," उंबऱ्यावरून आवाज यायचा. हात शेंगांतच.

एकदा ती म्हणाली, "माय, मला बी शाळेत घाल की. मला येतंय समदं."

आई हसली. "येडे, तुला कुठून येऊन राहिलंय? त्याचंच डोकं तुझ्या तोंडून बोलतंय. शेंगा फोड गप."

आई दुष्ट नव्हती. तिला ते खरंच वाटत होतं. हळूहळू ते सुमनलाही वाटू लागलं. औंढ्याला सासरी गेल्यावर ती शेजारणींना हसत सांगायची, "माझी अक्कल भावापाशी ठेवलीय. लागली की मागून घेते."

शेवटच्या भेटीत ती खाटेवर पडून होती. म्हणाली, "काय रे हिशेबी, खरंच डोकं वाटून येतंय का?"

मी मोजूनमापून बोलणारा माणूस. म्हटलं, "किती रक्तातून येतं, किती घरातून, शाळेतून, ते मला मांडता येत न्हाई. पण वाटून येत न्हाई, सुमे. तुझं तुझ्यापाशीच होतं."

ती कुशीवर वळली. मग हळूच म्हणाली, "मग इतकी वर्षं ते काय करून राहिलं होतं रे?"

मी उशाचा तांब्या उचलून पाणी भरायला गेलो...

दिवेलागणीला पाढे म्हणायची माझी सवय अजून सुटलेली नाही. सतरा सत्तेला मी थांबतो. उत्तर कधीचं पाठ आहे. तरी थांबतो, उंबऱ्याकडं कान लावून...