शेवंताचे डॉक्टर

डॉ. इंगळे सरांची आणि माझी ओळख एका गाढवामुळे झाली. धामणगाव बढेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मी नुकतीच रुजू झाले होते. विटा वाहून पाठ सोललेलं गाढव घेऊन मालक आला आणि म्हणाला, “मॅडम, याले सुई देऊन मोकळं करा. कामाचं नाही राह्यलं.”

भावाचा बैल दाखवायला आलेले एक ताठ गृहस्थ बाकावरून उठले. “काऊन बे? पाठ तू सोलली अन् मरायचं त्यानं?”

तेच इंगळे सर. सैन्याच्या पशुवैद्यकीय दलातून निवृत्त होऊन ते चिखलीला परतले होते. माझी परवानगी विचारून त्यांनी बाह्या सारल्या, जखम धुतली आणि ओझं जखमेवर घासू नये म्हणून पोत्याची घडी कशी घालायची ते मालकाला दाखवलं. गाढव वाचलं.

त्या काळी बाई डॉक्टर म्हटलं की लोक अडलेल्या म्हशीला हात लावू देत नसत. निरोप सरांना जाई. सर मला सोबत नेत आणि गोठ्याबाहेरच बाज ओढून बसत. “मी चहा प्यायले आलो. म्हैस गवई मॅडमच पाहतीन.” वर्षभरात निरोप थेट मला येऊ लागले. त्यांनी माझ्यासाठी काय केलं, हे मला फार उशिरा उमगलं.

लढाईबद्दल सर क्वचितच बोलत. एकदा चिखलीला त्यांच्या ओसरीवर मी विचारलं, तेव्हा त्यांनी शेवंताची गोष्ट सांगितली. शेवंता म्हणजे खेचर. सैन्यात तिला नंबर होता, नाव सरांनी ठेवलं होतं. उंच डोंगरावरच्या चौकीला गाडी पोचत नसे. दारूगोळा, पाणी, रॉकेल, सारं खेचरांच्या पाठीवरून जाई आणि जखमी जवान त्याच पाठीवरून खाली येत.

एका सकाळी वाटेवर तोफगोळा पडला. शेवंताला नेणारा गोपाल हा पहाडी जवान परतला नाही. दाट धुक्यात शोधणाऱ्यांना तो दिसेना. सरांना उतारावर शेवंता दिसली. तिच्या पायांशी गोपाल बेशुद्ध पडला होता. तिच्या खांद्यातून रक्त वाहत होतं. त्याला उचलून नेण्याइतकी माणसं सोबत नव्हती. सरांनी तिच्या जखमेवर पट्टी बांधली, गोपालला तिच्याच पाठीवर बांधलं आणि लगाम धरून दोघांना खाली आणलं. छावणीत पोचल्यावर ती बसली, ती उठलीच नाही.

शुद्धीवर येताच गोपालनं विचारलं, “साहब, मेरी खच्चर कैसी है?” सरांनी खरं ते सांगितलं आणि त्याचं रडून होईपर्यंत ते त्याच्या खाटेशी बसून राहिले.

“किती इमानी होती,” मी म्हणाले.

सर म्हणाले, “इमान आपण म्हणतो, मॅडम. ते भेलं होतं बिचारं. वळखीचा माणूस जवळ होता, म्हणून उभं राह्यलं. लढाई कायची हे तिले काय माहीत? अन् तिले कोणी विचारलं होतं?”

सरांचा आवाज चढला नव्हता. पण त्या दिवसापासून कुठल्याही जनावराला सुई टोचण्याआधी मी क्षणभर त्याच्या अंगावर हात ठेवते.

यंदा सरांनी पंचाहत्तरी गाठली. हातांना कंप आहे, गुडघे बोलतात. तरी गेल्या महिन्यात साखरखेर्ड्याला एका म्हाताऱ्या घोडीच्या खुरात पू झाला, तेव्हा ते माझ्यासोबत जीपमध्ये बसलेच. तिथे पोचल्यावर म्हणाले, “खूर तुम्ही पाहा. मी डोकं धरतो.” मी खूर कोरत होते आणि सर घोडीच्या कपाळाला कपाळ टेकवून हळू आवाजात तिच्याशी बोलत होते. तिने एकदाही पाय ओढला नाही.

सरांना निरामय दीर्घायुष्य लाभो. आमच्या रुग्णांची डोकी त्यांनी अजून पुष्कळ वर्षं धरावीत. खुरांचं आम्ही पाहून घेऊ.