उस्तादांची म्हैस

आम्ही तिघं कुठंही भेटलो की करीमउस्तादांच्या गोष्टी निघतात आणि चहा निवून जातो. एक संपली की गणपतला दुसरी आठवते. माझ्या बायकोला त्या सगळ्या पाठ आहेत, तरी सांगतोच.

निजामाच्या राजवटीत उस्ताद परभणीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये लॉरी चालवायचे. गणपत, हुसेन आणि मी, सोळा-सतरा वर्षांची पोरं, त्यांच्याकडं मोटार शिकायचो. पहिला महिनाभर लॉरीला हात लावायचा नाही! आमच्या अंगणात बाज टाकायची, उस्तादांशेजारी बसायचं आणि स्टिअरिंग म्हणून आमच्या आईची चाळणी धरायची. संध्याकाळी पीठ चाळायचं म्हणून आई चाळणी मागायला आली की उस्ताद अदबीनं म्हणायचे, "माय, जरा थांबा. पोरगं पुलावर हाय."

*

उस्ताद मधेच "म्हैस!" म्हणायचे. लगेच पाय जमिनीवर दाबायचा, तोच ब्रेक. एकदा गणपत ढिम्म बसून राहिला. उस्तादांनी त्याला बाजेवरून खाली उतरवलं.

"पण उस्ताद, म्हैस व्हती कुठं?"

"तेच म्हणायलोय. तुला दिसलीच न्हाई."

दोन दिवस ते गणपतशी बोलले नाहीत.

*

मग खरी लॉरी मिळाली. मोटारीच्या आवाजानं बैल बुजायचे, म्हणून उस्तादांचा कायदा असा: बैलगाडी दिसली की इंजिन बंद. ती गेली की खाली उतरून पुढचं हँडल मारून इंजिन परत चालू करायचं. जिंतूरच्या बाजाराच्या दिवशी तर आम्ही लॉरीत कमी आणि लॉरीपुढंच जास्त असायचो. हँडल मारून मारून हुसेनचे दंड पैलवानासारखे झाले.

वर्षभरात बैल आवाजाला सरावले आणि इंजिन बंद झालं की बुजायला लागले! गाडीवान लांबूनच हात जोडायचे, "चालू ठिवा बाबा." उस्तादांनी कायदा बदलला. आता लॉरी कडेला नुसती उभी असली, तरी बैलगाडी दिसताच हुसेननं पळत जाऊन हँडल मारायचं.

*

शेवटी माझी लायसनची परीक्षा आली. काकांनी बजावलं होतं, पोळ्यापर्यंत लायसन आलं नाही तर औत धरायचं. मला औत नको होतं. लॉरीसाठी जीव तुटत होता.

परीक्षा घेणारे साहेब रुमी टोपी घालून शेजारी बसले. उस्ताद मागं हौद्यात उभे. रस्ता मोकळा, मी झकास चालवत होतो. तेवढ्यात उस्ताद सवयीनं म्हणाले, "म्हैस!"

माझा पाय माझ्या आधी ब्रेकवर गेला. साहेबांची टोपी काचेवर आपटली.

"क्यों रोका?"

समोर पार लिंबाच्या झाडापर्यंत कुत्रंसुद्धा नव्हतं. पण उस्तादांना खोटं पाडायचं माझ्यानं होईना.

"साहेब, म्हैस हाय."

साहेबांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली आणि काचेतून रस्ता न्याहाळला. मला औत दिसायला लागलं. जे व्हायचं ते होवो म्हणून मी गिअरला हात घातला.

साहेबांनी माझं मनगट धरलं.

"ठैर," ते म्हणाले, "तिच्या मागं रेडकू यायलंय."