विडीएवढं मोठं पाखरू

वरंधच्या वरच्या वाडीत रायबाचं घर कुणाला विचारावं लागत नाही. गोठ्याच्या भिंतीला मोबाइल लावून एक म्हातारा श्वास रोखून उभा दिसला, की तेच घर. मागे म्हशी तहानेनं हंबरतायत आणि हा भिंतीवरच्या पतंगाला विनवतोय, "हलू नको रे माझ्या राजा!" इतक्या लाडानं तो म्हशीशी कधी बोलला नाही. बायकोची तर गोष्टच सोडा.

हे खूळ लावलं नातीनं, ऋतिकानं. पोरगी महाडला कॉलेजात जाते. तिनं आजोबाला मोबाइलवरच्या एका ग्रुपात घातलं. पतंगाचा फोटो टाकायचा, जाणकार त्याचं नाव सांगणार. अट एवढीच, की आकार कळावा म्हणून शेजारी एखादी वस्तू ठेवायची. रायबाच्या खिशात वस्तू एकच, विडी. ओल्या शेणाचा ठिपका लावून तो ती भिंतीला चिकटवी, आणि फोटो निघाला की झटकून तीच ओढी. पुण्याचे हर्षदसर, ग्रुपातले मोठे जाणकार, त्या विडीवरूनच मापं काढू लागले होते.

नव्यानं सापडलेल्या पतंगाला माणसाचं नाव देतात, हे ऋतिका एकदा सहज बोलून गेली. झालं! रायबानं देवळापुढं मिशीवर ताव देत जाहीर केलं, "एक पाखरू माझ्या नावाचं हुनार. नाय झालं तर ही मिशी उतरवीन."

शेजारच्या किशोरनं त्याच दिवशी वस्तरा घासून ठेवला.

मग एका सकाळी गोठ्यातल्या दिव्याखाली एक पतंग बसलेला दिसला. तपकिरी, पंखांवर घुबडासारखे वटारलेले डोळे. तोंडातली विडी काढून रायबानं तिचं जळकं टोक शेणात खुपसलं, भिंतीला लावली, फोटो पाठवला. त्या गडबडीत विडी भिंतीलाच राहिली.

हर्षदसरांचा फोन आला. "रायबाकाका, विडीच्या मापानं हा पतंग ताटाएवढा भरतोय! असा कुणी पाहिलेला नाही. सोडू नका, मी उद्या येतो."

रायबानं पतंगावर कोंबड्यांचं डालगं झाकलं. वाडीला तोवर बारसंच झाल्यासारखं वाटत होतं. "चला गो, रायबा बघायला," म्हणत बाया लोटल्या. पोरं डालग्याच्या फटीतून ओरडत, "रायबा पंख हालवतोय!"

दुसऱ्या दिवशी हर्षदसर घाट उतरून पट्टी घेऊन हजर. अलगद डालगं उचललं, माप घेतलं.

"काका, हा तर नेहमीचाच. तळहाताएवढा."

"कालपासून उपाशी हाय," रायबा म्हणाला. "वाळला असंल."

सर भिंतीकडे गेले. शेणात अजून तशीच अडकलेली विडी त्यांनी ओढून काढली. निम्मीअधिक जळलेलं थोटूक!

सर हसत हसत गव्हाणीवर बसले. किशोर मात्र वस्तरा घेऊन पुढं झाला. "आण ती मिशी, आज्या."

रायबानं दोन्ही हातांनी मिशी झाकली. तेवढ्यात त्याची नजर बायकोवर गेली. लग्नातल्या उखाण्यानंतर धोंडूबाईनं नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा ती नुसतं त्याच्याकडे बोट दाखवायची.

"थांब रे," तो म्हणाला. "अगो, कालपासून सगळी वाडी ह्या पाखराला काय म्हणते? तू सांग बघू सरांना."

धोंडूबाईनं तोंड उघडलं. मिटलं. पदर ओठांवर धरला.

"बोल की गो आजी!" किशोर ओरडला.

"मेल्या, कसं बोलू?" ती लाजून लाल झाली. "ह्यांच्या नावाचं हाय ना ते!"

रायबानं मिशीवरचे हात काढले. "ऐकलंस? आता त्या वस्तऱ्यानं म्हशीचं शेपूट भादर जा."

आणि खिशातून नवी कोरी विडी काढून त्यानं सरांसमोर पट्टीला लावून दाखवली. मगच पेटवली.