अंडररेटेड सिनेमा आणि आतून लावलेलं कुलूप

न पाहिलेल्या सिनेमाची शिफारस मी आयुष्यात एकदाच केली, आणि तो दाखवला त्याच दुपारी आमच्या सोसायटीच्या हॉलचं दार सुताराला बोलावून काढावं लागलं.

सिनेमा माझ्या मुलीच्या आवडीचा. गार्गी तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि दिवसाला तीन शब्द बोलायची. "हं", "नाही" आणि "नंतर". (पाहुणे आले की "नंतर" सुद्धा बंद.) दहावीची परीक्षा झाली, सुट्टी लागली, तरी शब्दसंख्या वाढेना. बायको म्हणायची, "अहो, पोरगी बोलून नाही राहिली. तुम्ही विचारा ना काहून." मी विचारायचो. गार्गी म्हणायची, "नंतर."

फक्त एका विषयावर ती पूर्ण वाक्य बोलायची, आणि तो विषय म्हणजे हा सिनेमा. एका डोंगरावरच्या बंद दवाखान्यात चार-पाच मुलं ठेवलेली आहेत, त्यांच्या अंगात काही शक्ती आहेत, वगैरे. "बाबा, एकदा माझ्यासोबत पाहा ना. कोणीच नाही पाहिला तो. खूप अंडररेटेड आहे."

मी प्रत्येक वेळी "हो, पाहू नंतर" म्हणायचो. "नंतर" हा शब्द तिनं कुठून उचलला, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मे महिन्यात सोसायटीच्या मुलांसाठी रविवारी दुपारी एक सिनेमा दाखवायचं ठरलं. आम्ही राहतो सक्करदऱ्याला. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी बाहेर फक्त रसवंतीवाला आणि वेडा माणूस असतो. मुलं घरात कोंडून वैतागली होती आणि त्यांच्या आया मुलांपेक्षा जास्त. सोसायटीचा सचिव मी. अध्यक्ष ढोबळे सर, निवृत्त मुख्याध्यापक, पण निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कोणी कळवलेलं नव्हतं.

"सिनेमा संस्कारक्षम पाहिजे," ढोबळे सर म्हणाले. "लहानातल्या लहान मुलाने पाहावा असा. आहे का तुमच्या डोक्यात काही?"

माझ्या डोक्यात एकच शब्द होता. अंडररेटेड! आता माझं इंग्रजी काही वाईट नाही. अंडर म्हणजे खाली. क्रिकेटमध्ये अंडर-फोर्टीन असतं, अंडर-सिक्स्टीन असतं. तसंच हे अंडर-रेटेड. म्हणजे सिनेमांना जे वयाचं रेटिंग देतात, त्याच्याही खालचा. अगदी अंगणवाडीपासून चालेल असा. मी म्हणालो, "सर, आहे एक. आमच्या गार्गीनं पाहिलेला. पूर्ण अंडररेटेड!"

ढोबळे सरांनी मान हलवली. (त्यांनाही अर्थ माहीत नव्हता, हे पुढे उघड झालं. पण ते अध्यक्ष होते, त्यांना चालतं.)

मी नोटीस लावली. "शक्तिशाली बालकांची प्रेरणादायी कथा. सर्व वयोगटांसाठी. आजी-आजोबांसह अवश्य यावे."

गार्गीनं नोटीस वाचली आणि जिना चढून वर आली. चेहरा पांढरा.

"बाबा, तुम्ही पाहिला का तो?"

"तू पाहिला ना, झालं."

"लहान पोरांना नका बोलावू."

"काहून? पोरांचाच तर सिनेमा आहे."

"पोरांचा आहे. पोरांसाठी नाही!"

तिनं एका दमात इतकं बोलल्याचा मला एवढा आनंद झाला, की ती काय बोलली ते मी ऐकलंच नाही.

मी जोरात तयारीला लागलो. हॉलमध्ये अंधार पाहिजे म्हणून इतवारीच्या बाजारात जाऊन वीस मीटर काळं कापड आणलं. दुकानदारानं कापड मोजता मोजता हळूच विचारलं, "भाऊसाहेब, घर में सब ठीक है ना?" खिडक्यांवर, दारावर कापड ठोकलं. सिनेमा सुरू असताना पोट्टे उन्हात पळू नयेत म्हणून दाराला आतून कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात ठेवली. माझी दूरदृष्टी एवढी जबरदस्त आहे.

हॉल गच्च भरला. पुढे सतरंजीवर मुलं, मागे खुर्च्यांवर मोठे. पहिल्या खुर्चीवर माझ्या सासूबाई. त्या मिरचीच्या भिवापूरहून आठ दिवसांसाठी आल्या होत्या आणि सोबत आठ वर्षं पुरेल एवढं तिखट आणलं होतं. त्यांना सिनेमा पाहताना बोलायला लागतं.

"एवढा मोठा दवाखाना, अन् डॉक्टरीण एकच?" त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "मंग केसपेपर कोण काढते?"

पहिली वीस मिनिटं ठीक गेली. एका मुलाला राग आला की खोलीतले दिवे फुटायचे. एक मुलगी मोठ्यांनी प्रश्न विचारला की दिसेनाशी व्हायची. (बायको माझ्या कानात म्हणाली, "आपलीलेही येते हे.") मग एक नवीन मुलगी दाखल झाली. तिला स्वतःची शक्ती माहीत नव्हती. तिची शक्ती अशी, की जवळच्या माणसाच्या मनात जी सगळ्यात मोठी भीती असेल, ती खरोखर दार उघडून आत यायची.

आणि ती यायला लागली.

पहिल्यांदा नुसती पावलं वाजली. मग पलंगाखालून एक हात आला. तो फार लांब होता. संपतच नव्हता.

"सचिव," मागून ढोबळे सरांचा आवाज आला, "हे काय आहे?"

"सर, आधी संघर्ष दाखवतात. प्रेरणा शेवटी असते."

सासूबाई पुढे सरकून बसल्या. "आवं माय, पलंगाखाली झाडलं नाही कोणी कितीक दिवसापासून!"

पडद्यावर त्या हातामागून एक उंच, काळं, बिनचेहऱ्याचं काहीतरी उभं राहिलं. लहान मुलं आनंदानं ओरडली. मोठे दुःखानं. मला वाटलं, आपण सचिव आहोत, आपण शांत राहिलं पाहिजे. मी दाराला टेकून शांत उभा राहिलो. ते बिनचेहऱ्याचं काहीतरी हळूहळू एका मुलाच्या पाठीमागे गेलं, त्याच्या मानेजवळ वाकलं, आणि नेमकं त्याच क्षणी माझ्या मानेला काहीतरी गार, ओलसर लागलं.

तो कूलरचा झोत होता. दारावरचं कापड हलून मला लागलं होतं. हे मला आज माहीत आहे.

तेव्हा मी "शुभांगी!" असा टाहो फोडला. शुभांगी माझी बायको. ती म्हणते की लग्नानंतर इतक्या मनापासून मी तिला कधी हाक मारली नाही. मग मी कापड ओरबाडलं, खिशातून किल्ली काढली, कुलपात घातली आणि फिरवली. उलट्या बाजूला. भीतीनं माणसाच्या अंगात शक्ती येते म्हणतात ते अगदी खरं आहे. अर्धी किल्ली कुलपात राहिली, अर्धी माझ्या हातात.

एवढ्यावर भागलं असतं. पण मी मागे वळलो आणि दारावरचं सात मीटर काळं कापड खिळ्यांसकट माझ्या डोक्यावर आलं. मला काही दिसेना. मी दोन्ही हात पुढे करून, बायकोला शोधत, "शुभे, शुभे" करत खुर्च्यांच्या दिशेनं चालू लागलो.

तोंडावर कापड असल्यामुळे "शुभे" बाहेर "भूऽऽ" असं ऐकू जात होतं.

आता मात्र लहान मुलांचाही आनंद संपला. पडद्यावरची भीती खरंच हॉलमध्ये उतरली होती! खुर्च्या पडल्या. ढोबळे सर पस्तीस वर्षांच्या अनुभवानं "रांगेत! रांगेत!" असं ओरडत स्वतः खुर्चीवर चढले. हॉलमध्ये एकच माणूस डगमगला नाही. सासूबाईंनी चप्पल काढली.

"पोट्ट्यायले भेवाडते काय रे!" म्हणून पहिली बसली ती पाठीत.

"आई, मी जवाई आहे!"

"अरे बापा! याले माह्या जवायाचंही माहीत हाये!" दुसरी डोक्यात.

तिसरी बसायच्या आत दिवे लागले. दिवे गार्गीनं लावले होते. सिनेमाही तिनंच थांबवला. मी कापडाखालून बाहेर आलो. सासूबाईंनी मला पाहिलं, चप्पल खाली टाकून पायात घातली आणि म्हणाल्या, "मंग आधीच नाही का सांगावं?"

किल्ली मोडल्याचं मी सगळ्यांना सांगितलं. खिडक्यांना ग्रिल होतं. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत चाळीस माणसं आणि मी. सुताराला फोन लावला. तो जेवत होता. "अर्धा तास लागते, भाऊ," म्हणाला. लहान मुलं रडायला लागली, त्यांच्या आया माझ्याकडे पाहायला लागल्या.

गार्गी सतरंजीवर बसली. सगळ्यात लहान दोघींना तिनं मांडीवर घेतलं आणि बाकीच्यांना म्हणाली, "घाबरू नका. पुढे काय होते ते मी सांगते."

आणि ती बोलायला लागली. अर्धा तास! तो लांब हात कोणाचा, दिवे फोडणाऱ्या मुलाला राग कशाचा येतो, नवीन मुलगी स्वतःलाच कशी भिते. आवाज बदलून, हातवारे करून. मुलं रडायची थांबली. आया जवळ सरकल्या. ढोबळे सर खुर्चीवरून उतरून सतरंजीवर आले.

"पण त्यांना कोंडून काहून ठेवते ताई?" एका मुलानं विचारलं.

"कारण मोठ्या लोकांना वाटते, ते आपल्या भल्यासाठीच करून राहिले," गार्गी म्हणाली. "अन् ते पोरांचं ऐकत नाहीत. आधी कुलूप लावतात."

सगळ्या हॉलनं वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात अजून अर्धी किल्ली होती.

सुतारानं अख्खं दार बिजागऱ्यांतून काढलं तेव्हा कोणी उठायला तयार नव्हतं. "थांबा ना, संपू द्या," सासूबाईंनी सुताराला दटावलं. सुतारही पाच मिनिटं ऐकत उभा राहिला.

संध्याकाळी बैठक झाली. ढोबळे सरांचा मूळ स्वभाव परत आला होता. "असा भयंकर सिनेमा मुलीनं निवडला, तर मुलीनं माफी मागायला हवी," ते म्हणाले. गार्गी शेजारीच उभी होती. तिनं मान खाली घातली. आता पुन्हा तीन शब्दांवर जाईल, हे मला स्पष्ट दिसलं, आणि त्या लांब हातापेक्षा मला त्याची भीती जास्त वाटली.

मी उभा राहिलो. म्हणालो, "सर, तिनं मले नको म्हटलं होतं. मीच ऐकलं नाही. सिनेमा पाहिलाही नाही. मले वाटलं, अंडररेटेड म्हणजे अंडर-फोर्टीनसारखं असते."

मग ढोबळे सरांनी हळूच विचारलं, "म्हणजे... तसं नसतं?"

हसू पहिल्यांदा गार्गीलाच फुटलं. "अंडररेटेड म्हणजे, चांगला असून कोणी कदर केली नाही असा," एवढं कसंबसं सांगून ती भिंतीला धरून हसली. तिच्यामागून अख्खी बैठक. माफीचा ठराव तिथंच बारगळला. उलट मोठ्या मुलांच्या आग्रहानं उरलेला सिनेमा पुढच्या रविवारी दाखवायचा ठरला. दुपारी बाराला, खिडक्या उघड्या आणि दार अजून बसवलेलंच नाही, अशा हॉलमध्ये. लहान मुलांना बोलावलं नव्हतं. ढोबळे सरांची पहिलीतली नात ओवी मात्र ऐकेना. सर म्हणाले, "तिला भीती नावाचा प्रकार माहीत नाही."

ती येऊन माझ्या शेजारी बसली आणि हात पुढे केला. "काका, भीती वाटली तर धरा."

मी लगेच धरला. अजून सुरूही झालं नव्हतं. मध्ये तिला दोनदा पाणी प्यायला बाहेर जावं लागलं, आणि दोन्ही वेळा मीही तिच्यासोबत गेलो. भर दुपारी, खिडक्या उघड्या असताना, तीस माणसांच्या गर्दीत मी एकटा कसा बसणार?