पत्रकं वाटणारे आजोबा

इथे परदेशात, आमच्या डँडेनॉन्ग उपनगरातल्या मार्केटबाहेर दर शनिवारी एक म्हातारे गृहस्थ कोट घालून पत्रकं वाटायचे. तरुणपणी त्यांनी आपल्या देशाचा स्वातंत्र्यलढा चालवला होता. शेजारच्या साम्राज्याने फौजा घुसवून तो देश गिळला आणि त्यांना परागंदा व्हावं लागलं.

पत्रक ते दोन्ही हातांनी द्यायचे आणि म्हणायचे, "आमच्यावर त्यांची भूक भागणार नाही. पुढचा नंबर पलीकडच्या बेटाचा."

लोक "नो वरीज, मेट" म्हणत पुढे जायचे. मीही पत्रक न वाचताच भाजीच्या पिशवीत कोंबायचे.

या वर्षी खरंच त्या बेटाभोवती युद्धनौका जमल्या. आजोबांची धाकटी बहीण तिथेच राहत होती. तीन शनिवार ते नुसती पत्रकं पुढे करत राहिले. आता मात्र मी तिथेच थांबून प्रत्येक ओळ वाचली.

चौथ्या शनिवारी सकाळी नौका माघारी फिरल्याची बातमी आली. मी घाईघाईने मार्केट गाठलं. ते बाकावर बसून फोनवर बहिणीशी मोठमोठ्याने हसत बोलत होते.

त्यांनी फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "आजोबा, तुमचं भाकीत चुकलं!"

त्यांनी डोळे पुसले. "अगं पोरी, ते चुकावं म्हणूनच तर इतकी वर्षं ओरडत होतो."